फुप्फुसं नवी, हृदय तेच

*प्रश्न : डॉक्टर, माझी अक्का ३६ वर्षांची आहे. तिला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचा आजार होता. ९ महिन्यांपूर्वी हैदराबादला तिची दोन्ही फुप्फुसं बदलली. चार महिने आम्ही तिथेच खोली घेऊन राहिलो, आता ती माहेरी सोलापुरात आमच्याकडे असते. चालते, जिना चढते, ऑक्सिजनचं मशीन सुटलं. पण दोन महिन्यांपूर्वी एका रात्री छातीत जोरात धडधड सुरू झाली. इथल्या एका रुग्णालयात ईसीजी काढला, 'एट्रियल फ्लटर' म्हणाले आणि डिल्टियाझेम सुरू केलं. धडधड थांबली. आठ-दहा दिवसांनी तिचे हात थरथरायला लागले, डोकं दुखायला लागलं. तपासलं तर टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली लेव्हल वाढून २१ आणि किडनीचं क्रिएटिनिन ०.९ वरून १.८. हैदराबादच्या डॉक्टरांनी फोनवर आम्हालाच रागावून तिकडे बोलावून घेतलं. डिल्टियाझेम बंद करून मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ ठेवायची ॲपिक्साबॅनची गोळी दिली. आता लेव्हल ठीक आहे. पण संध्याकाळी पाय सुजतात. आई अर्जुनाचा काढा द्यायचा म्हणते. मावशी म्हणते, ऑपरेशनआधीच्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या उरल्यात त्या दे. अक्का दिवसभर मनगट धरून ठोके मोजत बसते, रात्री झोपत नाही. फुप्फुसांचा आजार होता, ती बदलली, मग हृदय का बिघडलं? तेही तेव्हाच बदलायला हवं होतं का? आणि पुन्हा रात्री दोन वाजता धडधड झाली तर आम्ही जायचं कुठे? हैदराबाद ३०० किलोमीटरवर आहे. – एक भाऊ, पूर्व भाग, सोलापूर*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या शेवटच्या प्रश्नावर थांबलो, कारण बाकी सगळ्याचं मूळ तिथे आहे. अक्कांचा जीव आज दोन गावांच्या डॉक्टरांच्या हातात आहे आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये तुम्ही उभे आहात, आणि चूक कोणाचीही झाली तरी बोलणी तुम्हालाच बसतात. हे बदलता येतं. कसं, ते पुढे सांगतो. आधी हृदयाचं बघू, कारण ते कळल्याशिवाय भीती जाणार नाही.

हृदय तेव्हाच बदलायला हवं होतं का? नाही. हा प्रश्न तुमच्या मनात सल होऊन राहू नये म्हणून जरा सविस्तर सांगतो. या आजारात एके काळी दोन्ही बदलत असत. १९८१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. ब्रूस राइट्झ यांनी हृदय आणि फुप्फुसं एकत्र बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हाच्या रुग्णाला हाच आजार होता. हृदयाचा उजवा कप्पा इतका थकलेला, फुगलेला दिसायचा की तो पुन्हा सावरेल असं कोणाला वाटत नसे. पुढे फक्त फुप्फुसं बदललेल्या रुग्णांचे इको पाहिल्यावर लक्षात आलं की फुप्फुसातला दाब उतरला की तोच उजवा कप्पा काही आठवड्यांत, काही महिन्यांत लहान होत जातो आणि पुन्हा नीट आकुंचन पावू लागतो. म्हणून आता बहुतेक ठिकाणी दोन्ही फुप्फुसं बदलतात आणि हृदय रुग्णाचंच ठेवतात. जन्मजात दोष खूप गुंतागुंतीचे असतील किंवा डावा कप्पाही निकामी असेल, तेव्हाच हृदयासकट विचार होतो. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

पण सावरणं म्हणजे काही झालंच नव्हतं असं नव्हे. अक्कांचा उजवा कप्पा अनेक वर्षं जादा दाबाविरुद्ध रक्त ढकलत होता. त्याची भिंत जाड झाली, तो फुगला, आणि मधला पडदा डावीकडे रेटला गेला. त्यामुळे डावा कप्पा दबला. फुप्फुसांतून त्याच्याकडे रक्तही कमीच यायचं. वर्षानुवर्षं अर्धं भरायची सवय लागलेला हा कप्पा लहान आणि ताठ होतो. नवी फुप्फुसं बसली की पूर्ण रक्त एकदम त्याच्याकडे येतं. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या चारीत उजनीचं पूर्ण आवर्तन एकाच दिवशी सोडलं तर काठ फुटतात, तसं काहीसं होऊ शकतं : डावा कप्पा ते पेलू शकत नाही आणि पाणी मागे नव्या फुप्फुसांत साठतं. म्हणूनच या आजाराच्या रुग्णांचे ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांत नाजूक असतात, आणि पुष्कळांना तेव्हा एक्मोच्या, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या, मशीनवर काही दिवस जास्त ठेवतात. अक्का तो टप्पा पार करून आल्या आहेत. ९ महिन्यांनंतर तसं अचानक होण्याची भीती आता उरलेली नाही.

मग फ्लटर कुठून आलं? फुप्फुस बदलताना दात्याच्या फुप्फुसातल्या शिरा रुग्णाच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला शिवतात. ते टाके भरून आले की तिथे व्रण राहतो. हृदयाच्या ठोक्याची विजेची लहर एरवी सरळ वाटेने जाते, ती कधी कधी या व्रणाभोवती गोल फिरत राहते आणि वरचा कप्पा मिनिटाला २५०-३०० वेळा थरथरतो. त्यातले काहीच ठोके खाली पोहोचतात, पण तेवढेही धडधड व्हायला पुरतात. शिवाय वर्षानुवर्षांच्या दाबाने उजवा वरचा कप्पाही ताणलेला असतो, तिथूनही असाच फेरा सुरू होऊ शकतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयाचा ताल बिघडणं फार सामान्य आहे, बऱ्याच जणांना होतं आणि मावळतं. अक्कांचं मात्र उशिरा झालं, म्हणून व्रणाचा विचार आधी करावा लागतो. याचा अर्थ हृदय 'निकामी' होतंय असा नाही. तो वायरिंगचा बिघाड आहे आणि त्यावर इलाज आहेत. गोळ्यांनी भागलं नाही, पुन्हापुन्हा होत राहिलं, तर मांडीच्या शिरेतून नळी घालून त्या फेऱ्याची जागा शोधून जाळता येते. त्याला ॲब्लेशन म्हणतात. अशा टाक्यांच्या फ्लटरमध्ये त्याचा उपयोग चांगला होतो, पण ते अशा रुग्णांचा अनुभव असलेल्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडेच, म्हणजे हृदयाच्या तालाच्या तज्ज्ञाकडेच करावं.

एक गोष्ट मात्र धडधड झाली की प्रत्येक वेळी तपासायला हवी : हे आजच का झालं? ताल बिघडणं हा कधी कधी दुसऱ्या कशाचा तरी निरोप असतो. छातीतला जंतुसंसर्ग, रिजेक्शनची (शरीराने नवी फुप्फुसं नाकारण्याची) सुरुवात, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, थायरॉइड, रक्त कमी होणं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमची गडबड. टॅक्रोलिमसमुळे लघवीवाटे मॅग्नेशियम निघून जातं आणि पोटॅशियम वाढू शकतं, दोन्हींमुळे ताल बिघडतो. म्हणून ठोका आटोक्यात आला की 'झालं' म्हणून घरी येऊ नका. त्या दिवशीच रक्त तपासा, ताप आहे का बघा, आणि घरी फुंकायचं स्पायरोमीटर दिलं असेल तर त्याचा आकडा बघा. तो नेहमीपेक्षा १० टक्के किंवा जास्त उतरला आणि दोन दिवस तसाच राहिला तर हैदराबादला कळवायचंच, धडधड असो वा नसो.

आता डिल्टियाझेमचं. इथल्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं असं तुमच्या घरी बोललं जात असेल. फ्लटरमध्ये ठोके कमी करायला डिल्टियाझेम हे नेहमीचंच औषध आहे, एरवी कोणालाही तेच दिलं असतं. घोळ झाला तो टॅक्रोलिमसशी. टॅक्रोलिमस आतड्यात आणि यकृतात ज्या विकराने मोडलं जातं, ते विकर डिल्टियाझेम अडवतं. मग रोजचा डोस तोच असला तरी औषध रक्तात साठत जातं. हातांची थरथर, डोकेदुखी, क्रिएटिनिन चढणं, हे सगळं त्या साठण्याचं. वेरापामिलही तेच करतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं आणि बुरशीवरची व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोलसुद्धा. ॲमिओडॅरोन ठोक्यांसाठी फार वापरलं जातं, पण तेही लेव्हल वाढवू शकतं आणि दीर्घकाळ घेतलं तर फुप्फुसांनाच इजा करू शकतं. नवी फुप्फुसं असलेल्या माणसात ते नाइलाजाने आणि थोड्या काळासाठीच. उलट बाजूला टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं लेव्हल एकदम खाली आणतात, म्हणजे रिजेक्शनला दार उघडं.

यात एक बारीक गोष्ट आहे जी सुटण्याची शक्यता जास्त, म्हणून मुद्दाम लिहितो. असं एखादं औषध बंद केलं की लेव्हल काही दिवसांत खाली येते. मधल्या काळात टॅक्रोलिमसचा डोस कमी केलेला असेल आणि तो पुन्हा वाढवायला कोणी विसरलं, तर लेव्हल गरजेपेक्षा खाली जाते, आणि कोणाला काही त्रास होत नसल्याने ते कळतही नाही. अक्कांच्या बाबतीत डोस कमी केला होता का, परत पूर्ववत केला का, त्यानंतर लेव्हल किती वेळा पाहिली, हे कागद काढून तपासा. 'आता लेव्हल ठीक आहे' हे तुम्ही लिहिलंत, ती कोणत्या तारखेची? औषधांत बदल झाल्यापासून महिनाभरात दोन-तीनदा तरी पाहिलेली असावी.

लेव्हल काढतानाही जपा. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. गोळी घेऊन मग रक्त दिलं तर आकडा खोटा चढलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. सोलापुरात बऱ्याच लॅब हा नमुना बाहेर पाठवतात, तेव्हा अहवाल कधी मिळेल ते आधी विचारा, आणि शनिवारी देऊन मंगळवारी कळण्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीला द्या. दर वेळी लॅब तीच ठेवा, कारण पद्धतीनुसार आकड्यात फरक पडतो.

आता रात्रीचे दोन. कुठे जायचं? सोलापुरातच. शांत बसून, डोकं न गरगरता, दम न लागता ठोका फक्त वाढलेला वाटला तर आधी बोटावरचं ऑक्सिमीटर लावा, बीपी घ्या आणि हैदराबादच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला फोन करा. पण बसल्या जागी ठोके १२० च्या वर आणि १५-२० मिनिटांत उतरत नाहीत, चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं, ओठ काळपटणं, किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी उतरलेला, यांपैकी एकही असेल तर लगेच सोलापुरातल्या रुग्णालयात निघा, फोन गाडीतून करा. तुमच्या टीमने वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा. हैदराबादकडे जाणाऱ्या नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्यावर रात्री गाडीत बसवून अशा रुग्णाला नेऊ नका. ताल बिघडून रक्तदाब पडत असेल तर पहिल्या तासाचा उपचार महत्त्वाचा, आणि तो उपचार इथे होतो. थोडी भूल देऊन विजेचा शॉक देऊन ताल सरळ करण्याची सोय आयसीयू असलेल्या कोणत्याही चांगल्या रुग्णालयात आहे. शॉक ऐकून अक्का घाबरतील, तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा की यात औषधांची टक्कर होत नाही, हा त्याचा फायदाच आहे. एक अट असते : धडधड ४८ तासांपेक्षा जुनी असेल आणि रक्त पातळ करायची गोळी नियमित चालू नसेल, तर हृदयात गुठळी नाही ना हे आधी बघावं लागतं. म्हणून ॲपिक्साबॅन एकही दिवस चुकवायची नाही, आणि धडधड नेमकी कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवायची.

मात्र रात्री दोन वाजता नवीन रुग्णालय शोधायचं नाही. ते काम या आठवड्यात दिवसाउजेडी करा. घराजवळचं एक रुग्णालय ठरवा जिथे चोवीस तास आयसीयू आणि हृदयरोगतज्ज्ञ आहेत. अक्कांना घेऊन त्यांच्या ओपीडीत जा. बरं असताना जा. त्यांना हैदराबादचा डिस्चार्ज कागद, शेवटचा इको, शेवटचा चांगला ईसीजी आणि फ्लटरचा ईसीजी दाखवा. त्या डॉक्टरांसमोर बसून हैदराबादच्या ट्रान्सप्लांट फिजिशियनना फोन लावून द्या, दोघांना एकमेकांचे नंबर घेऊ द्या. डॉक्टर लोकांना असं कोणी भेटवलं की राग येत नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी फुप्फुस बदललेला रुग्ण वर्षानुवर्षांत एखादा पाहिलेला असतो, आणि कोणाला विचारायचं हे माहीत असलं की आमचाही हात धजतो. तो फोन झाला नव्हता, एवढीच मागच्या वेळची खरी चूक.

आणि एक कागद तयार करा, इंग्रजीत, हैदराबादच्या टीमकडून सही घेऊन. वर ठळक अक्षरात : दोन्ही फुप्फुसं प्रत्यारोपित, तारीख अमुक, हृदय स्वतःचं. त्याखाली चालू औषधं आणि डोस. त्याखाली 'टीमला विचारल्याशिवाय देऊ नये' म्हणून वर सांगितलेल्या औषधांची यादी, त्यात डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकंही घाला, कारण टॅक्रोलिमससोबत ती किडनीला फार जड जातात. आणि तालासाठी या रुग्णाला पहिलं काय द्यावं, दुसरं काय, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर, एक प्रत अक्कांच्या पर्समध्ये, एक गाडीत. तुम्ही कामावर असताना आईंना एकटीने रिक्षा बोलवावी लागली तर त्यांना काही समजावून सांगावं लागू नये.

सुजलेल्या पायांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती मला महत्त्वाची वाटते. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू आहे का, ते बघा. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे बीपी वाढतं आणि त्यावर ही गोळी बहुतेकांना दिली जाते. तिने घोट्याशी सूज येते, संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. तसं असेल तर हृदयाचा दोष नाही, गोळी बदलता येते, पण ती डॉक्टरांनीच बदलायची. स्टेरॉइडने मीठ-पाणी साठतं. किडनीला मध्यंतरी मार बसला, त्यानेही. उजवा कप्पा पूर्ण सावरला नसेल तर त्यानेही, आणि ते इकोने कळतं. एकाच पायाला सूज, पोटरी दुखते, गरम लागते, असं असेल तर ती गुठळी धरायची आणि त्याच दिवशी पायाची डॉप्लर सोनोग्राफी करायची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर कळवा. दम लागत नसेल तरी कळवा.

मीठ कमी करायचं म्हणजे आळणी जेवायचं नाही. ज्वारीची भाकरी मीठ न घालता होतेच. शेंगाची चटणी घरी करताना मीठ निम्मं करा, लसूण आणि तिखट वाढवा. विकतची चटणी, पापड, लोणचं, वेफर्स सध्या नकोत. दुकानात 'लो-सोडियम मीठ' मिळतं ते आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि टॅक्रोलिमसवर असलेल्या माणसात पोटॅशियम आधीच वर जायला बसलेलं असतं. शहाळ्याचं पाणीही याच कारणाने रोज नको. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, त्यांनी लेव्हल चढते. डाळिंबाच्या गावात राहून डाळिंब टाळा म्हणणं जिवावर येतं. त्याचा पुरावा पपनसाइतका पक्का नाही, पण बऱ्याच टीम ते टाळायला सांगतात. तुमच्या टीमला विचारा, आणि त्यांचं उत्तर मिळेपर्यंत रसाचे ग्लास तरी नकोत.

मे महिना तोंडावर आहे. ४३-४४ अंशांत घाम, त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर शरीरातलं पाणी उतरतं आणि किडनीला मार बसतो. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हलही चढते. पाय सुजले म्हणून लघवीची गोळी सुरू झाली असेल आणि त्याच आठवड्यात जुलाब लागले, तर ती गोळी चालू ठेवायची की नाही हे त्याच दिवशी विचारा. दुपारी ११ ते ५ घरात. पाणी उकळून गार केलेलं, रस्त्यावरचा बर्फाचा गोळा, उसाचा रस नको. आणि घराच्या खालच्या मजल्यावर माग चालत असतील, तर अक्कांची खोली सुताच्या धुरळ्यापासून लांब आणि त्या खाली उतरताना तोंडाला मास्क, हे नेमाने.

अर्जुनाचा काढा देऊ नका. गुळवेलही नाही. आईंना सांगा की त्यांची माया मला कळते, पण अर्जुनातले घटक टॅक्रोलिमस आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी कसे वागतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि गुळवेल 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणूनच नको. अक्कांची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवली आहे, नाहीतर ती नव्या फुप्फुसांवरच उठेल. मावशींच्या सिल्डेनाफिलचंही तसंच. त्या गोळ्या फुप्फुसातला दाब उतरवण्यासाठी होत्या. आता त्या दाबाची फुप्फुसंच राहिली नाहीत. ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉलबरोबर ती घेतली तर बीपी घसरेल. आणि मोठा धोका असा की छातीत दुखतंय म्हणून कोणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलं आणि पोटात सिल्डेनाफिल असलं, तर रक्तदाब जीवघेणा पडू शकतो. उरलेल्या गोळ्या आजच घरातून काढा. मेटोप्रोलॉलही स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, ठोका उसळतो.

ॲपिक्साबॅनबद्दल एक गोष्ट अक्कांना आईंनी किंवा तुमच्या पत्नीने विचारावी, कारण त्या ती तुम्हाला सांगणार नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पाळीत रक्तस्राव खूप वाढू शकतो. स्त्रिया तो सोसत राहतात, हिमोग्लोबिन उतरतं, आणि रक्त कमी झाल्याने पुन्हा धडधड होते. मग सगळे हृदयाकडे बघत बसतात. तसं होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यात कसलाही संकोच नको, पण तिथे मिळालेल्या हार्मोनच्या गोळ्याही आधी टीमला दाखवा. फुप्फुसाची दुर्बिणीतून बायोप्सी ठरली की ॲपिक्साबॅन किती दिवस आधी थांबवायची हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणि अक्का मनगट धरून बसतात. तुमच्या पूर्ण पत्रात त्या स्वतः काय म्हणतात याची एक ओळही नाही. वर्षानुवर्षं दम लागत जगलेल्या बाईला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला आणि सहा-सात महिन्यांत छातीतून पुन्हा काहीतरी उसळलं. त्या ठोके मोजतात म्हणजे पहारा देतात. 'मोजू नकोस' म्हणून ते थांबणार नाही. त्यांना पहाऱ्याची वेळ ठरवून द्या : सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, बीपीच्या मशीनवर, वहीत लिहून. मधल्या वेळेत धडधडलंच तर बोटाला ऑक्सिमीटर लावून एकदा बघायचं, बस. टीमला विचारून २४ तासांचं किंवा जास्त दिवसांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावून घ्या. त्यात बहुतेक धडधडी साध्या निघाल्या तर त्यांना ते कागदावर दिसेल, आणि खरंच फ्लटर लपून येत असेल तर तेही सापडेल. प्रेडनिसोलोनने झोप उडते, म्हणून ती सकाळीच घेतात ना ते बघा. टॅक्रोलिमसनेही झोप आणि मन बिघडतं. झोप दोन-तीन आठवडे अशीच राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. मात्र त्यांची औषधंही त्या कागदावर चढवा, काही गोळ्या ठोक्यावर परिणाम करतात.

त्यांनी चालावं. उजेड फुटता फुटता, गर्दी नसताना, सिद्धेश्वर तलावाच्या काठाने जमेल तेवढं. मेटोप्रोलॉलवर ठोका फार वाढणार नाही, म्हणून आकड्याकडे न बघता बोलता बोलता चालता येतंय का तेवढं बघा. एक दिवस तुम्ही बरोबर जा, आणि मग विचारा, अक्का, तुला कसली भीती वाटते? ते उत्तर मला लिहून पाठवलंत तरी चालेल, पण आधी तुम्ही ऐका.

पुढच्या तपासणीला हैदराबादला जाल तेव्हा इको करताना या गोष्टी अहवालात लिहून मागा : उजव्या कप्प्याचा आकार आणि जोर ऑपरेशनआधीच्या आणि तीन महिन्यांच्या इकोच्या तुलनेत, डावा कप्पा भरताना ताठ आहे का, आणि जिथे टाके घातले त्या फुप्फुसशिरांमधला प्रवाह मोकळा आहे का. तीन विचारणा तोंडी करा : ॲपिक्साबॅन किती काळ, फ्लटर पुन्हा आलं तर ॲब्लेशन कधी, आणि ॲम्लोडिपिनला पर्याय काय. जाताना सोलापुरातल्या डॉक्टरांचा फोन नंबर कागदावर लिहून घेऊन जा आणि त्यांच्या फाइलला लावायला सांगा.